कोर्टाची पायरी न चढणाऱ्यांच्या वतीने

प्रति,
मा. चार्ली बेकर,
अध्यक्ष, नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन,
इंडियानापोलिस, इंडियाना.

विषय: परदेशी, विशेषतः भारतीय, खेळाडूंच्या पात्रतेचे आणि भरतीचे नियम.



मी पुण्यात टेनिस शिकवतो. माझ्याकडे खेळणाऱ्या मुलामुलींपैकी काही जणांना दहावीच्या आसपास अमेरिकेतल्या विद्यापीठांचे वेध लागतात, आणि तिथून पुढे त्यांच्या हातात रॅकेटपेक्षा कागद जास्त दिसू लागतात. ते कागद आपल्या संस्थेचे, म्हणजे एनसीएएचे असतात. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण आपले नियम रात्री जेवणं आटोपल्यावर ज्या घरांत वाचले जातात त्यातली निदान माझ्या ओळखीची घरं मराठी आहेत. त्या आईवडिलांना इंग्रजी येतं. आपल्या नियमपुस्तकाचं इंग्रजी येत नाही. आपल्याकडे भाषांतरकारांची वानवा नसावी.

म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या नियमपुस्तकात खेळाडूच्या भल्याचं जे काही आलं, त्यातलं बहुतेक न्यायालयाने आणलं. ज्याला खटला भरता आला त्याचा नियम बदलला. ज्याला ते जमण्यासारखं नव्हतं त्याच्या वाट्याला उरलेले नियम आले. आमची मुलं या दुसऱ्या रांगेत उभी आहेत, आणि त्या रांगेकडे कोणी बघत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुमच्या खेळाडूंनी हे ऐकलं असतं तर ते अजून फुकट खेळत बसले असते. यूसीएलएकडून बास्केटबॉल खेळलेल्या एड ओबॅननने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचाच हुबेहूब अवतार पाहिला आणि याचे पैसे कोणाच्या खिशात गेले, असं २००९ मध्ये न्यायालयात विचारलं. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी, शिक्षणाशी निगडित लाभांवर आपण घातलेली मर्यादा बेकायदा ठरवली. त्यानंतर दहाच दिवसांनी, १ जुलैपासून, खेळाडूला आपलं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी वापरून कमाई करायची मोकळीक मिळाली. कॅलिफोर्नियाने त्यासाठी २०१९ मध्येच कायदा करून आपल्या मागे लकडा लावला होता.

पुढे विद्यापीठ दुसऱ्यांदा बदललं तर वर्षभर बाकावर बसण्याच्या नियमाची पाळी आली. काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी त्याला आव्हान दिलं, डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाने तो रोखला आणि एप्रिल २०२४ मध्ये आपण तो नियमपुस्तकातून काढलात. मग फुटबॉलपटू डिएगो पाविया आला. तुमच्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे आमची अकरावी-बारावी नव्हे, तर पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारी संस्था. तिथे खेळलेले हंगाम माझ्या पात्रतेच्या चार हंगामांत धरू नका, असं तो म्हणाला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला आणखी एक वर्ष मिळवून दिलं, आणि आपण तीच सवलत त्याच्यासारख्या इतरांनाही दिलीत. शेवटी अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तडजोडीला ६ जून २०२५ रोजी मंजुरी मिळाली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटायची परवानगी.

या खटल्यांना ज्यांची नावं चिकटली ते सगळे अमेरिकन. त्यांना वकील मिळाला, वेळ मिळाला, आणि मुख्य म्हणजे निकाल लागेपर्यंत देशात राहायचा हक्क होताच. विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची, ज्या संस्थेच्या मर्जीवर आपलं शिक्षण, शिष्यवृत्ती आणि मुक्काम अवलंबून आहे तिच्याविरुद्ध उभं राहायची छाती कशी व्हावी? म्हणून ते गप्प बसतात, आणि तक्रार नाही म्हणजे अडचणही नाही असं वरच्यांना वाटत राहतं.

अडचणी कुठे सुरू होतात ते सांगतो. आपल्या नियमानुसार बहुतेक खेळांत प्रशिक्षकाला खेळाडूशी भरतीबद्दल थेट बोलता येतं ते दहावीनंतरच्या १५ जूनपासून. योगायोग असा, की महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळाही उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर याच सुमारास उघडतात. नियमाचा हेतू चांगला आहे. चौदा वर्षांच्या मुलाला मोठमोठी आमिषं दाखवू नयेत, हे कोणीही मान्य करेल. पण ज्या निर्णयांवर पात्रता उभी राहते किंवा आडवी होते, ते निर्णय तोवर घरात होऊन गेलेले असतात. कारण आपण मोजणी सुरू करता नववीपासून.

पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या विद्यापीठात खेळायचं तर शालेय शिक्षणात १६ मूलभूत विषय पूर्ण हवेत. चार वर्षांचं इंग्रजी, तीन वर्षांचं गणित, दोन वर्षांचं विज्ञान, दोन वर्षांची सामाजिक शास्त्रं, बाकीचे याच गटांच्या आसपासचे. सरासरी चारपैकी किमान २.३. जानेवारी २०२३ मध्ये आपण एसएटीसारख्या परीक्षांची अट काढून टाकलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इथल्या मुलांचा एक मोठा ताण गेला. पण विषयांचं काय? आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ कोर्टवर असणारं मूल दहावीनंतर बहुधा वाणिज्य शाखा घेतं, कारण प्रात्यक्षिकं नसतात आणि सरावाला वेळ मिळतो. त्याच्या अकरावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ असतं, ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ असते. गणित त्याने सोडलेलं असतं, कारण इथे ते सोडता येतं. या कागदातून तुमचे सोळा विषय कसे उभे करायचे, हे कॉलेजच्या खिडकीवर कोणी सांगू शकत नाही. क्रीडाशिक्षकालाही ते ठाऊक नसतं.

काही जण याहून पुढे जातात. शाळा सोडून १७ नंबरचा फॉर्म भरतात आणि बाहेरून परीक्षेला बसतात. काही जण बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेतात. नीटसाठी घेतात, जेईईसाठी घेतात, तशीच टेनिससाठीही वर्षभर मोकळीक घेतात. आमच्याकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तुमच्याकडे मात्र शालेय शिक्षण वेळेत संपल्यानंतर खेळाडूने किती दिवसांत विद्यापीठात दाखल व्हावं याचा हिशेब असतो. बहुतेक खेळांत तो वर्षभराचा, आणि टेनिससाठी बराच काळ सहा महिन्यांचा राहिला आहे. त्या मुदतीनंतर स्पर्धा खेळत राहिलेल्याचा हंगाम कापला जातो. म्हणजे ज्या वर्षात मुलाने कष्ट करून खेळ सुधारला, तेच वर्ष त्याच्या खात्यातून वजा होतं. आता आपल्याकडे वयावर आधारलेल्या पाच वर्षांच्या सरळ पात्रतेची चर्चा चालू आहे. सुटसुटीतपणा आला तर आम्हालाही हवाच आहे. फक्त तो आणताना ज्या देशांत बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, व्हिसाची मुलाखत जून-जुलैत मिळते आणि ऑगस्टच्या मध्यावर तुमच्या वर्गात हजर व्हावं लागतं, त्या देशांचं वेळापत्रक कोणी तरी समोर ठेवून बसावं.

दुसरी अडचण पैशाची, म्हणजे खरं तर पैशाच्या भीतीची. विद्यापीठात जाण्याआधी टेनिसपटूने वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत बक्षिसाची रक्कम घेतली तर चालेल, त्यावर घ्यायची तर फक्त त्या स्पर्धेच्या खऱ्या खर्चाइतकीच, असा आपला नियम वर्षानुवर्षं चालत आला. आमच्या मुलांपैकी फार थोडी त्या मर्यादेच्या जवळपास पोचतात. भारतात होणाऱ्या ज्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती खेळतात त्यात सगळ्या खेळाडूंना मिळून १५ हजार डॉलर वाटले जातात. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती किती पडत असेल याचा अंदाज करा.

तरीही माझ्याकडे एक आई बॉक्सफाइल घेऊन आली होती. मुलीच्या सगळ्या स्पर्धांच्या पावत्या त्यात तारखेवार लावलेल्या: प्रवेश फी, रेल्वेची तिकिटं, रॅकेटच्या गटिंगची बिलं, फिजिओचे पैसे, बॉल कॅनचेसुद्धा. एका हॉटेलच्या बिलावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह होतं. खोलीत मायलेकी राहिल्या होत्या, कारण अल्पवयीन मुलीला परगावी एकटं कोणी पाठवत नाही. मग खेळाडूचा खर्च पूर्ण धरायचा की निम्मा? कारण अल्पवयीन मुलीला परगावी एकटं कोणी पाठवत नाही. मुलीने वर्षभरात जिंकलेली एकूण रक्कम गटिंगलासुद्धा पुरली नसती. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, फाइल बंद केली आणि पुढच्या स्पर्धेहून आल्यावर नव्या पावत्या पुन्हा लावल्या. आपल्या नियमाचा धाक असा सात समुद्र ओलांडून पोचतो, पण त्याचा अर्थ पोचत नाही.

ही भीती अगदीच निराधार होती असंही नाही. रीस ब्रँटमायर ही अमेरिकन मुलगी २०२१ मध्ये शाळकरी वयात अमेरिकन खुल्या स्पर्धेत खेळली, जवळपास ४९ हजार डॉलर जिंकली, आणि त्यातली बहुतेक रक्कम तिला सोडून द्यावी लागली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात खेळायचं होतं ना. २०२४ मध्ये ती न्यायालयात गेली आणि तिथून या नियमाचे दिवस भरत आले. दुसरीकडे डिसेंबर २०२५ मध्ये बेलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात जेम्स नाजी दाखल झाला. तो २०२३ मध्ये एनबीएच्या निवडयादीत आलेला आणि युरोपात बार्सिलोनासारख्या क्लबकडून खेळलेला. त्याला आपण हंगामाच्या मध्यावर पात्र ठरवलंत. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पोरगा खेळला तर चांगलंच आहे. पण ज्याच्यामागे बास्केटबॉलचा श्रीमंत विभाग उभा असतो त्याच्यासाठी पात्रतेचं दार एका मापाचं, आणि हॉटेलच्या बिलावर प्रश्नचिन्ह काढणाऱ्या बाईसाठी दुसऱ्या मापाचं, असं दिसू नये एवढं तरी आपल्या हातात आहे.

नियम कळत नसले की मधले लोक येतात. पुण्या-मुंबईत, आणि आता छोट्या शहरांतही, ‘अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणणारे सल्लागार आहेत. सगळे लबाड नाहीत. काही जण खरोखर चांगलं काम करतात, मुलांचे व्हिडिओ बनवतात, प्रशिक्षकांना पाठवतात, युनिव्हर्सल टेनिस रेटिंग कसं वाढेल ते सांगतात. पण काहींचा व्यवहार सरळ टक्केवारीचा असतो: जितकी शिष्यवृत्ती मिळेल त्याचा इतका हिस्सा आमचा. आपल्याच नियमांनुसार अशी फी चालत नाही. सेवेचे पैसे ठरावीक असावेत, शिष्यवृत्ती मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून नसावेत, असं कलम आहे आणि ते शहाणपणाचं आहे. अडचण अशी की कलम मोडतो सल्लागार आणि पात्रता धोक्यात येते मुलाची. सल्लागाराला आपण हात लावू शकत नाही, तो आपला सदस्य नाही. मग जो आपल्या हातात आहे त्याला धरायचं, असा न्याय होतो. पालकांना मी हे कलम दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, की हे आम्हाला कोणी आधी का नाही सांगितलं? उत्तर मला देता येत नाही.

मूल तिकडे पोचलं की तिसरी अडचण सुरू होते. आता खेळाडू कमावता झाला, हे आम्हीही वाचलं. पण भारतीय मुलगा किंवा मुलगी एफ-वन व्हिसावर असते. त्या व्हिसावर कामाची परवानगी मर्यादित: विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास, वगैरे. जाहिरात करून पैसे घेतले तर ते काम ठरेल का, याचं उत्तर कोणी छातीठोकपणे देत नाही, आणि चुकलं तर दंड हद्दपारीपर्यंत जाऊ शकतो. केंटकीचा ऑस्कर शीब्वे मूळचा काँगोचा, २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरलेला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचा संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने तिथे आपले जाहिरातींचे व्यवहार उरकले. ज्या देशात तो सर्वांत मोठा खेळाडू ठरला, त्या देशाबाहेर पाऊल ठेवल्याशिवाय त्याला आपल्या नावाचे पैसे घेता आले नाहीत. त्याच्याकडे निदान बहामाजचा दौरा होता. लहान विद्यापीठाच्या टेनिस संघातली साताऱ्याची मुलगी बसने शेजारच्या राज्यात जाते आणि त्याच रात्री परत येते.

व्हिसाचा कायदा आपण करत नाही, हे मला मान्य आहे. तो वॉशिंग्टनचा विषय आहे. पण थेट मानधनाची नवी व्यवस्था तर आपली आहे. ती आखताना ज्यांना पैसे घेताच येणार नाहीत अशा खेळाडूंचं काय करायचं, याचा विचार तडजोडीच्या कागदांत ठळकपणे व्हायला हवा होता. भरपाईच्या रकमेची वाटणी पाहा: सुमारे ७५ टक्के अमेरिकन फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे खेळ. टेनिस, जलतरण, गोल्फ, ट्रॅक, जिथे परदेशी मुलं बरीच असतात, ते त्या शेवटच्या पाच टक्क्यांत. पैसा जिथून येतो तिथे जावा, हे सूत्र मी समजू शकतो. पण त्या पैशाची सोय लावताना काही विद्यापीठांनी टेनिसचे संघच बंद केले, आणि संघ बंद झाल्यावर अमेरिकन मुलगी घरी जाते, आमच्या मुलीला मात्र दुसरं विद्यापीठ शोधण्याआधी व्हिसाचे दिवस मोजावे लागतात.

शिष्यवृत्तीचंही तसंच. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत, महिलांच्या संघाला आठ. साडेचार शिष्यवृत्त्या आठ-नऊ मुलांत वाटायच्या म्हणजे कोणाला निम्मी, कोणाला पाव. घरी मात्र ‘स्कॉलरशिप मिळाली’ एवढंच ऐकू येतं, पेढे वाटले जातात, आणि उरलेल्या रकमेसाठी फ्लॅट गहाण पडतो; अनेक ठिकाणी वर्षाचा एकूण खर्च चाळीस लाख रुपयांच्या वर जातो. आता नव्या व्यवस्थेत सहभागी झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली, टेनिसला दहा. कागदावर हे उदार दिसतं. पण शिष्यवृत्ती देता येते म्हणून ती दिली जाईलच असं नाही, आणि दहाची चौकट आल्यावर अकराव्याला जागा उरत नाही. त्यातच ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ही जुनी पद्धत आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलीत. तिच्यात दोष होते. खेळाडूलाच ती जास्त बांधून ठेवायची. पण सामान्य पालकाला तो एक कागद ओळखीचा झाला होता. आता प्रत्येक विद्यापीठाचा करार वेगळा, आणि प्रशिक्षकाने व्हिडिओ कॉलवर दिलेला शब्द त्या करारात उतरला आहे की नाही हे तपासायला इथे कोणाला वकील परवडतो?

एवढं सगळं असून आम्ही तिकडे का धावतो, असं आपण विचाराल. कारण आमच्याकडे खेळ की अभ्यास हा प्रश्न सोळाव्या वर्षी मानेवर बसतो आणि त्यातलं एक सोडावंच लागतं. तुमची व्यवस्था दोन्ही हातात ठेवू देते. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात खेळला, २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद त्याने मिळवलं, आणि २०१० मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. आमच्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळून आली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण पटकावलं. ही उदाहरणं आमच्या प्रत्येक टेनिस घरात तोंडपाठ आहेत. आपल्या व्यवस्थेचं याहून चांगलं प्रशस्तिपत्र दुसरं नसेल.

आणि अडवणूक फक्त तुमच्याकडेच होते असंही मी म्हणणार नाही. कॅन्सस स्टेटचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेता. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठीची पात्रता उंची त्याने तुमच्याच स्पर्धेत पार केली. पण इथल्या आंतरराज्य स्पर्धेला आला नाही म्हणून आमच्या महासंघाने त्याला संघातून वगळलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. बर्मिंगहॅमला गेला. आणि उंच उडीत भारताला राष्ट्रकुलमधलं पहिलं पदक मिळवून दिलं. इथेही नियम वाकला तो न्यायालयात गेल्यावरच. म्हणजे हा रोग एका देशाचा नाही. खेळाचे नियम करणारे सगळीकडे सारखेच: आपल्या सोयीने लिहितात आणि कोणी खेचल्याशिवाय हलत नाहीत.

तुमच्याकडे एक आक्षेप हल्ली वाढत्या आवाजात ऐकू येतो, की परदेशी मुलं अमेरिकन मुलांच्या जागा आणि शिष्यवृत्त्या घेतात. डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत, त्यामुळे आक्षेप हवेतला नाही. एखाद्या अमेरिकन बापाने सरकारी विद्यापीठाला कर भरायचा आणि संघात त्याच्या राज्यातलं एकही पोर नसावं, हे त्याला बोचणार. पण यावर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. परदेशी खेळाडू नको असतील तर संख्या ठरवा, ती जाहीर करा, म्हणजे इथले पालक पंधराव्या वर्षीच दुसरा विचार करतील. हवे असतील तर त्यांना बाकीच्यांसारखे हक्क द्या. जिंकून द्यायला बोलवायचं आणि हक्काची वेळ आली की पाहुणा म्हणायचं, हा तिसरा मार्ग कोणत्याच देशाला शोभत नाही.

आता मुद्द्याचं. आपण गेली काही वर्षं अमेरिकन काँग्रेसकडे संरक्षण मागत आहात: पात्रतेच्या आणि भरतीच्या नियमांवरून आपल्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सारखे खटले होऊ नयेत. मागणीमागचं कारण मला कळतं. दर आठवड्याला कुठल्या तरी राज्यातला न्यायाधीश कोणाला तरी आणखी एक हंगाम देतो, तेव्हा स्पर्धेला अर्थ राहत नाही. पंचविशीतले बाप्ये अठरा वर्षांच्या पोरांसमोर उभे राहतात. पण या पत्राच्या सुरुवातीला मी जी यादी दिली तीही विसरू नका. ते संरक्षण दहा वर्षांपूर्वी मिळालं असतं तर त्या यादीतलं काय झालं असतं? म्हणून न्यायालयाचं दार अर्धवट का होईना बंद होणार असेल, तर त्याआधी आपल्याच घरात एक दार उघडा. आमच्या मुलांना ते दार न्यायालयापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण न्यायालयाचं दार त्यांच्यासाठी तसंही उघडं नव्हतंच.

चार गोष्टी मागतो.

एक, स्वतंत्र तक्रार निवारण. एनसीएए, विद्यापीठांच्या क्रीडा परिषदा आणि विद्यापीठं यांच्या पगारावर नसलेला अधिकारी, ज्याच्याकडे खेळाडू इंग्रजीच्या शुद्धाशुद्धतेची चिंता न करता तक्रार करू शकेल आणि ज्याचा निर्णय ठरावीक दिवसांत येईल. तक्रार केली म्हणून शिष्यवृत्ती जाणार नाही, याची हमी त्याने द्यावी.

दोन, पात्रतेचा प्राथमिक अंदाज लवकर. नववी-दहावीच्या गुणपत्रिका पाठवल्यावर ‘हे विषय चालतील, हे चालणार नाहीत, आणखी इतके लागतील’ असं लेखी उत्तर त्याच वर्षी मिळावं. विषय निवडायची मुभा असते तेव्हा उत्तर मिळालं तर उपयोग. बारावीनंतर मिळालं तर ते फक्त निदान.

तीन, सल्लागाराच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला नको. टक्केवारीची फी घेणाऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या प्रशिक्षकांवर कारवाई करा. ते आपल्या सदस्य विद्यापीठांचे कर्मचारी आहेत. प्रशिक्षकांनी अशा सल्लागारांचे फोन घेणं बंद केलं की सल्लागारांचा धंदा आपोआप बसेल.

चार, थेट मानधनाच्या व्यवस्थेत व्हिसावरच्या खेळाडूची वेगळी नोंद. त्याला आज पैसे देता येत नसतील तर त्याच्या वाट्याचं शिक्षणाच्या खर्चात वळवा, नाहीतर पदवीनंतर देण्याची तरतूद करा. काय कायदेशीर आहे ते आपल्या वकिलांना नक्की कळेल. आजवर त्यांच्याकडे कामाची कमी नव्हती.

आपली संस्था १९०६ मध्ये जन्मली ती फुटबॉलच्या मैदानावर मुलं मरत होती म्हणून. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना बोलावून, खेळ सुधारा असं सांगितल्यावर विद्यापीठं एकत्र आली. नियम करायचे ते खेळणाऱ्याला जपण्यासाठी, ही आपल्या संस्थेची जन्मखूण आहे. आपण स्वतः हार्वर्डमध्ये बास्केटबॉल खेळलात आणि मॅसॅच्युसेट्सचे आठ वर्षं राज्यपाल होतात. राज्यपालाकडे तक्रार घेऊन येणाऱ्याच्या हाती निदान मत असतं. आमच्या मुलांच्या हाती मत नाही आणि वकीलही नाही. त्यांच्या बाजूने नियम लिहायचा झाला तर तो कोणी खेचून घेणार नाही, आपल्यालाच आपणहून द्यावा लागेल.

पुढच्या १५ जूनला इथली आणखी काही मुलं मेल उघडून बसतील. वरच्या चारपैकी दुसरी मागणी त्याआधी मान्य करायला ना काँग्रेस लागते, ना न्यायालय. तिच्यापासून सुरुवात करा.



आपला,
एक टेनिस प्रशिक्षक, पुणे